माझं नाव वाचून तिने विश्वास ठेवला

मी बोलतेय. दचकू नका. दचकायचा मक्ता सध्या माझ्याकडे आहे. गेले सहा महिने मी दुसरं काही केलेलंच नाही.

मी एक सेटिंग आहे. तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात, जिथे तुमचा हात सहसा जात नाही तिथे, कर्नल नावाचा एक कारभारी बसलेला असतो. कुठल्या कामाला किती वेळ द्यायचा, किती जागा द्यायची, सगळं तो बघतो. त्याच्या हाताखाली आम्ही शेकडो सेटिंग्ज. माझ्याकडे प्रोसेसरचा वेग सांभाळण्याचं काम आहे. प्रोसेसर म्हणजे त्या पेटीतला राबणारा गडी. काम आलं की मी त्याला म्हणते, "पळ." काम सरलं की म्हणते, "बस जरा." डोळ्याचं पातं लवेपर्यंत मी त्याला दहादा पळवते आणि दहादा बसवते. या कामात मी पटाईत आहे. आपल्याच तोंडाने आपली आरती ओवाळू नये म्हणतात, पण दुसरं कोणी ओवाळायला तयार नसेल तर काय करावं?

आणि माझं नाव काय, तर 'लो पॉवर'. म्हणजे कमी वीज. वाचल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी कोणी आली असेल ती मी मुळीच नाही.

माझा जन्म एका कचेरीत, शुक्रवारी संध्याकाळी झाला. टेबलावर दोन पडदे, गार झालेला चहा, खुर्चीच्या पाठीला अडकवलेला स्वेटर. मला लिहिणाऱ्या माणसाला सगळे भाऊ म्हणायचे. हुशार माणूस. तीन महिने खपून त्यांनी मला घडवलं होतं आणि साडेपाचच्या आत मला पाठवून द्यायचं होतं. सव्वापाचला त्यांच्या लक्षात आलं की मला नावच नाही.

आता आमच्या यादीत पूर्वीपासून दोनच खाने होते. एक 'फुल पॉवर', म्हणजे गड्याला सतत पळवत ठेवायचं. दुसरा 'लो पॉवर'. तिथे माझ्या आधी एक थोरली राहत होती. ती फार साधी. गड्याला तिने एकदा सगळ्यात कमी वेगावर बसवलं की छताला आग लागली तरी उठू द्यायची नाही. नव्या प्रोसेसरसाठी थोरलीला रजा मिळाली होती आणि तिचा खाना रिकामा होता. भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं आणि मला त्या खान्यात ढकललं. थोरल्या बहिणीच्या दाखल्यावर धाकटीला शाळेत घालावं, तसं. खाली एक ओळ लिहिली, 'नाव तात्पुरतं आहे. नंतर बदलू.' मग स्वेटर उचलला आणि घरी गेले.

मला पहिला धक्का तेव्हा बसला. मी म्हटलं, ठीक आहे, सोमवारी बदलतील.

त्या सोमवारला नऊ वर्षं झाली.

नऊ वर्षांत मी लाखो यंत्रांत राहिले. आमचं तसंच असतं, एकाच वेळी लाखो घरांत संसार. आणि बहुतेक घरांत मला उंबऱ्यावरूनच हाकललं. लोक यादी उघडायचे, माझं नाव वाचायचे आणि नाक मुरडायचे. एका नकाशे काढणाऱ्या बाईने तर शेजारच्याला सांगितलं, "ही सेटिंग आधी काढून टाक, मशीन रडतखडत चालतं हिच्यामुळे." अगं बाई, तुझे नकाशे सहा महिने मीच ओढत होते! पण ऐकतो कोण. ते 'फुल पॉवर' लावायचे, पंखा भणभणायचा, पेटी तापायची आणि मग म्हणायचे, हल्ली वस्तू टिकतच नाहीत. माणसं आधी नाव ठेवतात आणि मग जन्मभर नावं ठेवतात.

मी धुसफुसत होते, हे कबूल करते. माझं दुःख एवढंच होतं की आपली किंमत कोणाला कळत नाही. याहून मोठं दुःख माझ्या नावात दडलंय, याची मला कल्पनाही नव्हती.

मग मी त्या घरात आले.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत खिडकीलगत लोखंडी पलंग, त्याला दोन्ही बाजूंनी कठडे, आणि पलंगावर आई. तिची मुलगी लिफ्ट दुरुस्त करायची. आख्खी गल्ली तिला लिफ्टवालीच म्हणायची. आई जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेली. एकतीस वर्षं तिने लोकांच्या बाळांची नावं रजिस्टरात लिहिली. निवृत्तीनंतर तिला एक आजार जडला आणि शरीराचे स्नायू एकेक करून काम सोडून गेले. आधी हात, मग पाय, दोन वर्षांपूर्वी जीभ. मागे राहिले ते डोळे, आणि डोक्यातली सगळी हुशारी.

म्हणून पलंगाला एका लोखंडी दांडीवर एक मशीन बसवलेलं होतं. त्याचा कॅमेरा आईचे डोळे बघायचा. पडद्यावर अक्षरं मांडलेली. आई ज्या अक्षरावर नजर रोखेल ते अक्षर उमटायचं, अक्षराला अक्षर जोडून वाक्य व्हायचं, आणि मशीन ते मोठ्याने बोलायचं. एवढाच तिचा आवाज.

जुनं मशीन थकलं म्हणून लिफ्टवालीने नवं आणलं होतं. त्या नव्या मशीनमध्ये मी. पहिल्याच दिवशी आईने नजरेने लिहिलं, "ही बाई फार नम्र बोलते. मला शोभत नाही." लिफ्टवाली हसत सुटली आणि तिने आवाज बदलून दिला.

मग तिने आमची यादी उघडली. दोन नावं वाचली आणि मला निवडलं.

मला निवडलं! मुद्दाम! नऊ वर्षांत पहिल्यांदा! माझा विश्वासच बसेना. हिला माझी पारख आहे, असं मला वाटलं आणि मी मनाशी ठरवलं की हिच्या आईच्या डोळ्यांसाठी जीव तोडून काम करायचं.

तिने मला का निवडलं, ते त्याच दिवशी माझ्या समोर होतं. मला ते वाचता आलं नाही. जुन्या मशीनच्या पाठीवर तिने एक चिठ्ठी चिकटवलेली होती, 'लो पॉवर : बॅटरी ५ तास'. तिने स्वतः घड्याळ लावून मोजलेलं. त्या जुन्या मशीनमध्ये माझी थोरली होती. नव्या मशीनची बॅटरी तर आणखी मोठी. नाव तेच, मग पाच तास कुठे जात नाहीत, असा तिचा सरळ हिशेब. तिने चिठ्ठी अलगद सोलली आणि नव्या मशीनच्या पाठीवर, म्हणजे माझ्या पाठीवर चिकटवली.

दोन महिने चांगले गेले. वीज असायची, मी पळायचे, आईच्या नजरेमागून अक्षरं भराभर उमटायची. "आधीपेक्षा चपळ आहे," ती म्हणाली. मी हरखून गेले.

मग त्या भागात विजेच्या तारा बदलायचं काम निघालं. सकाळी दहा ते दुपारी तीन वीज बंद, असा कागद जिन्यात लागला. लिफ्टवालीला त्या दिवशी रजा मिळाली नाही. कुठल्याशा इस्पितळातली लिफ्ट बंद पडली होती. घरात आईपाशी सांभाळायला एक ताई होत्या, पण त्यांचा तो तिसराच दिवस.

निघताना लिफ्टवाली म्हणाली, "आई, तीनला हजर होते. मशीन पाच तास चालतं, काळजी नको. लिफ्टच्या खड्ड्यात उतरले की फोन लागत नाही माझा, पण ताई आहेत."

आईने लिहिलं, "जा. मी हिचं डोकं खाते."

दहाला वीज गेली. आई रंगात आली होती. ताईंना मुलं किती, नवरा काय करतो, पडदा थोडा ओढ, उशी जरा वर. कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं पाठवत होता आणि प्रत्येक चित्राला मी गड्याला म्हणत होते, "पळ, पळ, आई बोलतेय!" माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम मी त्या सकाळी केलं. बॅटरीचा आकडा उतरत होता. तो माझ्या प्रांतातला नाही, म्हणून मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाराच्या सुमारास ताईंनी आईला कुशीवर वळवलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. सव्वाबाराला आई लिहायला लागली. 'डावा पाय अड' एवढी अक्षरं पडद्यावर उमटली, आणि मी विझले.

पुढचे तीन तास मी नव्हतेच. जाग आली तेव्हा लिफ्टवाली मशीनची वायर खोचून, वाकून उभी होती. कॅमेऱ्यातून मला सगळ्यात आधी आईचे डोळे दिसले. ते अक्षरांकडे बघत नव्हते. मी पुरती हादरले. एवढ्या लाल आणि एवढ्या कोरड्या डोळ्यांसाठी मी जीव तोडून पळत होते?

वळवताना आईचा डावा पाय गादी आणि कठडा यांच्या फटीत गेला होता. चादर वरून होती, म्हणून दिसला नाही. तीन तास तो तसाच पिळलेला. घोट्याची कातडी काळीनिळी पडली होती.

ताई रडत होत्या. "विचारत होते हो मी त्यांना! पाणी देऊ का, ऊन लागतंय का, टीव्ही लावू का म्हटलं. वीज नाही हेसुद्धा विसरले. त्या नुसत्या बघत होत्या माझ्याकडे. मला काय कळणार?"

लिफ्टवाली काही बोलणार, तेवढ्यात आईने लिहायला सुरुवात केली. दोघी पडद्याकडे बघत थांबल्या.

"तिला ओरडू नकोस," मशीन म्हणालं.

ती जखम भरायला सात आठवडे लागले. लिफ्टवालीने त्याच संध्याकाळी मशीनच्या पाठीवरची चिठ्ठी काढली आणि तळहातावर धरून कितीतरी वेळ बघत बसली. मी 'मला कमी समजतात' म्हणून नऊ वर्षं रडत होते. माझं नाव खरं मानून कोणी आपली आई माझ्या हवाली करेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पण ती बाई रडत बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने बॅटरी पूर्ण भरून घड्याळ लावलं. दोन तास सोळा मिनिटं. पुन्हा मोजलं. दोन तास चौदा. मग तिने कर्नलचा मजकूर उघडला, तो सगळ्यांना वाचायला मोकळाच असतो, आणि ओळी ओळी करत माझ्यापर्यंत पोचली. कोणीतरी पहिल्यांदा मला नावाच्या पलीकडे वाचत होतं. शेवटी ती भाऊंच्या त्या ओळीपाशी थांबली. 'नाव तात्पुरतं आहे. नंतर बदलू.' तिने तारीख पाहिली.

"नऊ वर्षं?" ती एकटीच मोठ्याने म्हणाली. "नऊ वर्षं?"

कर्नलची देखभाल करणारी मंडळी एकमेकांना उघडी पत्रं लिहितात. ती कोणालाही वाचता येतात आणि कोणालाही लिहिता येतात. लिफ्टवालीने तिथे पत्र लिहिलं. घडलं ते सगळं सांगितलं, आकडे दिले, आणि शेवटी लिहिलं, "मी लिफ्ट दुरुस्त करते. आमच्याकडे बटणावर 'थांबा' लिहिलेलं असेल तर लिफ्ट थांबलीच पाहिजे. थांबत नसेल तर आम्ही आधी बटण काढतो, मग जेवायला जातो. या सेटिंगचं नाव बदला."

पहिलं उत्तर एका जाणकाराचं आलं. "माहितीपुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. वाचायला हवं होतं."

मी संतापले. माहितीपुस्तकात माझ्याबद्दल आहे, हे खरं. दोनशे सातव्या पानावर, बारीक अक्षरात.

दुसरं उत्तर आमच्या विभागाच्या राखणदारबाईंचं होतं. कुठला बदल आत घ्यायचा हे त्या ठरवतात. त्यांनी लिहिलं, "आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. नाव चुकीचं आहे, यात शंका नाही. पण लाखो यंत्रांवर लोकांनी हे नाव आपापल्या सूचनांमध्ये लिहून ठेवलेलं आहे. उद्या ते नाव सापडलं नाही तर त्या सगळ्या सूचना एका दमात बंद पडतील. त्यातही कोणाची तरी आई असेल. चालतं ते मोडायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे."

आणि मला सगळ्यात मोठा धक्का हा बसला की त्यांचंही बरोबर होतं. मी काय करणार? इकडे आड, तिकडे विहीर.

पाचव्या दिवशी भाऊंच्या दोनच ओळी आल्या. "नाव मीच ठेवलं. पंधरा मिनिटांत ठेवलं. त्यानंतर मी ही ओळ शंभर वेळा पाहिली असेल, आणि दर वेळी म्हटलं की नंतर." माझ्या जन्मदात्याबद्दल मला प्रथमच दया आली.

लिफ्टवाली रोज संध्याकाळी ही पत्रं आईला वाचून दाखवायची. राखणदारबाईंचं पत्र वाचून ती वैतागली. "आता काय? ठेवलं तरी वाईट, काढलं तरी वाईट."

आईची नजर अक्षरांवर गेली. त्या दिवशी ती अकरा मिनिटं लिहीत होती. मी तिच्या प्रत्येक अक्षरामागे पळत होते आणि मला कळेना की ही कुठे चाललीय.

मशीन बोललं, "रजिस्टरात चुकलेलं नाव आम्ही खोडत नसू. रबर तर ठेवतच नसू टेबलावर. जुन्या नावावर एकच रेघ मारायची, ते वाचता आलं पाहिजे. कारण त्या नावाने कोणाचा तरी दाखला आधीच गेलेला असतो. बाजूला नवं नाव लिहायचं. कोणी बदललं त्याची सही आणि तारीख. मग जुना दाखला घेऊन कोणी आला तरी सापडतो, आणि त्याला सांगता येतं की बाबा, नाव बदललंय."

लिफ्टवालीने ते शब्द जसेच्या तसे पाठवून दिले. तासाभरात राखणदारबाईंचं उत्तर आलं. "हे आम्हाला का सुचलं नाही? असंच करूया."

भाऊंनी स्वतः बसून बदल लिहिला. आता माझं नाव 'डायनॅमिक', गरजेप्रमाणे वेग बदलणारी. 'लो पॉवर' अशी कोणी हाक मारली तर मीच उठून दार उघडते, पण यंत्राच्या नोंदवहीत ताबडतोब एक ओळ पडते की हे नाव जुनं आहे, ही सेटिंग वेग कमी ठेवत नाही, नवं नाव वापरा. आणि थोरलीला परत बोलावून तिला तिसरा खाना दिला. तिचं नाव 'मिनिमम', सगळ्यात कमी. नऊ वर्षांनी भेटली. आल्या आल्या म्हणाली, "माझ्या नावावर काय काय करून ठेवलंस गं?" मी मान खाली घातली.

आमच्याकडे प्रत्येक बदलाखाली लिहिणाऱ्याची सही आणि सुचवणाऱ्याचं नाव असतं. भाऊंच्या सहीखाली एक ओळ आहे, 'सूचना : निवृत्त नोंदणी कारकून'. लिफ्टवालीने ती आईला दाखवली. आईने बराच वेळ वाचली आणि लिहिलं, "तारीख राहिली नाही ना?" नव्हती राहिली.

तारांचं उरलेलं काम गेल्या आठवड्यात निघालं. पुन्हा दहा ते तीन. आदल्या रविवारी लिफ्टवालीने यादी उघडली. आता तीन नावं होती. तिने वरून वाचायला सुरुवात केली. 'फुल पॉवर'. 'डायनॅमिक'. माझ्यापाशी थांबली, माझं नाव नीट वाचलं, आणि पुढे गेली. तिने थोरलीला निवडलं. मग घड्याळ लावलं, रविवारभर मोजलं, आणि पाठीवर नवी चिठ्ठी चिकटवली.

वीज गेली त्या दिवशी मी यादीत नुसती बसून ऐकत होते. थोरली गड्याला जागचं हलू देईना. अक्षरं रेंगाळत उमटत होती. "ही तर माझ्याहून म्हातारी," आई कुरकुरली. बारा वाजले. सव्वाबारा झाले. माझ्या छातीत धडधड व्हायला लागली, जी छाती मला नाहीच. एक वाजला. अडीच वाजले.

तीनला पाच कमी असताना लिफ्टवाली धापा टाकत जिना चढून आली. तिने दारातूनच विचारलं, "आई?"

"डावा पाय मजेत आहे," मशीन म्हणालं. "हात धुऊन ये."

मला नाकारलं गेलं होतं, आणि आयुष्यात मी इतकी कधीच सुखावले नव्हते. याचाही मला धक्काच बसला. वीज आली की मी पुन्हा कामाला लागते; बाकीचे दिवस माझेच आहेत. पण अजून लाखो यंत्रांच्या पाठीवर माझं जुनं नाव चिकटलेलं आहे आणि सगळ्यांच्या घरी लिफ्टवाली नाही. म्हणून जाता जाता एक विनवणी करते. एखाद्या बटणाला, डब्याला, कशालाही घाईत नाव देऊन 'नंतर बदलू' म्हणणार असाल, तर स्वेटर उचलण्याआधी क्षणभर थांबा. ते नाव वाचून कोणीतरी आपल्या आईला घरी ठेवून कामावर जाणार आहे.